आज्ञाधारकाच्या बायकोला

बायजे,

त्या रविवारी दुपारी आपण दोघं ओटीवर बसून वाल सोलत होतो. मोड आलेले वाल, मधे सूप, तू एका अंगाला, मी दुसऱ्या. दोन बोटांत दाबला की सालातून सुळकन निसटतो. माझा एक निसटून थेट अंगणात गेला आणि कोंबडीनं टिपला. तू म्हणालीस, "तिलाच बसवा इथं. तुमच्यापरीस बरं सोलंल." मी म्हणालो, "सोलेल आणि खाईल." एरवी तू हसली असतीस. त्या दिवशी नाही हसलीस.

मग मान वर न करता विचारलंस, "उद्या मोहन्याहून ठमीच्या सासरची गाडी येनार. तुमी काय करनार?"

मी वाल सोलत राहिलो.

"ऐकू आलं का?"

"आलं."

"मंग?"

मी आणखी एक वाल सोलला. तू सूप उचललंस, गुडघ्यावर हात टेकून उठलीस आणि आत जाता जाता म्हणालीस, "एकदा नाय म्हनून बघा. तोंड दुखत नाय."

आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. पुढं काहीच नाही. मला वाटलं, रुसलीस. बसू दे रुसून, म्हणून मी घटकाभर ओटीवरच बसून राहिलो, पायावर पाय टाकून. ठमी विहिरीवरून आली, आत गेली, आणि तिनं "आये" म्हणून जी हाक मारली ती अजून कानात आहे. तू चुलीपाशी भिंतीला टेकून बसलेलीस. हात ओले होते. वाल पाण्यात टाकून झाले होते. तेवढं काम पुरं करून गेलीस.

ती घटका मला कुणी परत देणार नाही. मी आत आलो असतो तर तू वाचली असतीस असं मी म्हणत नाही. पण भांडायला तरी आलो असतो. शेवटचं तोंड पाहायचं ते रागाचं का होईना, पाहिलं असतं.

जन्मभर तुला "अगं ए" म्हणून हाक मारली. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची लाज. आता घेतो. बायजा. घे, घेतलं. आता लाज कुणाची धरू?

लोक समाचाराला आले ते म्हणाले, "फार सोशीक बाई हो, कधी वर मान करून बोलली नाही." मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिलो. कुणाच्या घरी आलेत हे? तू आणि सोशीक? अर्ध्या गावाशी तुझं वाजलेलं. पाटलाच्या आईला तू पाणवठ्यावर तोंडावर सांगितलेलंस की तुमचा घडा सोन्याचा असला तरी पाळीनंच भरायचा. माणूस मेलं की त्याला गरीब गाय करून टाकायचं, ही लोकांची रीत. मी नाही करणार. तू भांडखोर होतीस, बायजे. ते तुझं चांगलं लिहितोय, वाईट नाही.

तुला अक्षर येत नव्हतं. मलाही कितीसं येतं? लखोट्यावरची नावं वाचून ज्याचा त्याला द्यायचा, एवढं कचेरीत शिकलो, बाकीचं पुढं रेटून रेटून. हे लिहायलाही चार दिवस लागलेत. ठमी शेजारी बसते, मी वाचून दाखवतो. ती म्हणते, "आयेला हे असं नाय आवडनार, शिव्या घाला थोड्या."

शिव्या घालायच्या तर मलाच घालाव्या लागतील. तेच करतो.

ठाण्याच्या कचेरीत मी पट्टेवाला, म्हातारपणी घरी बसेपर्यंत. सोमवारी जायचं, शनिवारी आगगाडीनं कल्याणला उतरून खाडीकाठानं चालत घरी यायचं. गळ्यात पट्टा, छातीवर पितळी बिल्ला. साहेब बदलून गेला की जाताना चिठ्ठी देई, ह्या माणसाची वागणूक कशी, ते इंग्रजीत लिहून. अशा सात चिठ्ठ्या मी पत्र्याच्या नळकांड्यात ठेवलेल्या. सणाला काढायचो, पुसायचो, परत घालायचो. तू म्हणायचीस, "देवाला पन इतकं पुसत नाय कुनी."

वाचता मला एकही येत नव्हती. कचेरीतले अण्णा कारकून वाचून अर्थ सांगत, आणि शब्द मी पाठ केलेले. ओबीडियंट, म्हणजे सांगितलेलं ऐकणारा. विलिंग, म्हणजे राजीखुशीनं करणारा. डोसाईल, म्हणजे गरीब, तापट नाही असा. ट्रॅक्टेबल, म्हणजे वळवाल तिकडे वळणारा. सबमिसिव्ह, म्हणजे मान खाली घालणारा. अण्णा म्हणाले, "इंग्रजीत या जातीचे शब्द पोत्यानं आहेत. साहेब प्रत्येकाला नवा शोधून काढतो." मला वाटायचं, केवढी ही माझी वाखाणणी! आपल्या गावात कुणाला इंग्रजीतून सात वेळा चांगलं म्हटलंय?

एकदा मी तुला सगळे शब्द अर्थासकट म्हणून दाखवले. तू चूल फुंकत होतीस. फुंकणी खाली ठेवून म्हणालीस, "अवो, हे तर कल्यानच्या बाजारात बैल इकताना सांगतात. गरीब हाय, मारका नाय, पोर बी दावं धरून नेईल."

मी चिडलो. म्हणालो, "तुला इंग्रजी काय कळतं?"

"इंग्रजी नाय कळत. बैल कळतो." आणि मग म्हणालीस, "तुमी साऱ्या खाजणाच्या चिखलातून भरतीच्या येळी वाट काढता. पुरात कचेरीचे कागद डोक्यावर घेऊन गळाभर पान्यातून आनलेत. हे कंच्या चिठ्ठीत हाय?"

कुठल्याच चिठ्ठीत नव्हतं. मी दुसऱ्या आठवड्यात अण्णांना विचारलंही. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "नाही रे बाबा, तसलं काही लिहिलेलं नाही. ऐकतोस, एवढंच लिहिलंय." तुला येऊन सांगितलं नाही. तू जिंकली असतीस.

ह्यातली डोसाईलची चिठ्ठी कशी मिळाली ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण आपण दोघं त्यावर परत कधी बोललोच नाही.

तो साहेब थंडीत पाखरं मारायला आपल्याच खाडीवर आला. मी मागं, खांद्यावर त्याची दुसरी बंदूक. त्यानं घोडा सरळ आपल्या वालात घातला. शेंगा धरलेल्या. तू विळा घेऊन बांधावर होतीस. पदर खोचून घोड्यापुढं उभी राहिलीस आणि ओरडलीस, "मागं फिरव! मागं फिरव तुझा घोडा!" घोडा बुजला. साहेब आधी लालबुंद झाला, मग कुणास ठाऊक काय वाटलं, हसला आणि त्यानं लगाम फिरवला. फिरवता फिरवता मला विचारलं, ही बाई कोण.

मी म्हणालो, "ठाऊक नाही, साहेब."

तू दहा हातांवर होतीस. ऐकलंस. शनिवारी घरी आलो तेव्हा तू पाट मांडलास, ताट वाढलंस, पाणी ठेवलंस आणि म्हणालीस, "मला वळखत नाय म्हनालात ना? बरं केलंत. मी पन तुमाला नाय वळखलं." बस्. पुन्हा त्या गोष्टीचं नाव नाही काढलंस. मीही नाही काढलं. साहेबानं मात्र बदलून जाताना डोसाईल लिहून दिलं. तुझी माफी मागायची होती मला. माफी साहेबाची मागता येते, तिला शब्द पाठ असतात. बायकोची मागायला कुठले शब्द, ते कुणी शिकवलं नव्हतं. आज मागतो. ती बाई माझी बायको होती, साहेब. शेत तिचं होतं. तिचंच बरोबर होतं.

आता त्याहून वाईट.

ठमी मोहन्याला नांदायला निघाली तेव्हा मला एक अक्कल सुचली. म्हटलं, लुगडी-भांडी सगळेच देतात. आपण पट्टेवाले, आपण असं काही देऊ की व्याह्यानं नाव काढावं. अण्णांच्या हातापाया पडून मी पोरीची चिठ्ठी लिहून घेतली. इंग्रजीत, जाड कागदावर, माझ्या चिठ्ठ्यांसारखीच. ठमाबाई ही ओबीडियंट आहे, विलिंग आहे, डोसाईल आहे. अण्णा लिहिताना थांबले होते. म्हणाले, "अरे, पोरीला नोकरीला लावतोयस की सासरी धाडतोयस?" मी म्हणालो, "लिहा तुम्ही."

मांडवात मी ती उभं राहून म्हणून दाखवली, एकेका शब्दाचा अर्थ सांगत. लोक तोंडात बोट घालून ऐकत होते. व्याही छाती फुगवून म्हणाला, "सरकारी सून आली आमच्याकडं!" मी तुझ्याकडं बघितलं, मला वाटलं खूष झाली असशील. तू ठमीच्या डोक्यावरचा पदर नीट करत होतीस आणि तुझे ओठ हे असे मिटलेले. गाडी गेल्यावर म्हणालीस, "बाजारात उभी केलीत तिला. दात दाखवायचे तेवढे राहिले." आणि मग महिनाभर माझ्याशी बोलली नाहीस. भाकरी मात्र गरम वाढायचीस. तेच जास्त लागायचं.

मोहन्याच्या लोकांनी तो कागद खळ लावून घरातल्या खांबाला चिकटवला. हे ठमीनं नंतर सांगितलं. कुणाला इंग्रजी येत नव्हतं, पण माझ्यामुळं अर्थ सगळ्यांना पाठ. ठमी कशाला नको म्हणाली की नवरा खांबाकडं बोट दाखवी. "बापानं काय लिहून दिलंय? विलिंग." सासूनं तर तिचं नावच विलिंग पाडलं. विलिंगे, पाणी आण. विलिंगे, पाय दाब. भातकापणीत सातवा महिना लागलेला, तरी डोक्यावर भारे. ती म्हणाली, मला होत नाही. त्यांनी खांब दाखवला. ती गेली. पोर तिसऱ्या दिवशी, वेळेआधी, आणि मेलेलं.

त्यानंतर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर ती शहाडपाशी नदी ओलांडून एकटी चालत आली. तू दारात होतीस. तू काही विचारलंस का? नाही. आधी तिचे पाय धुतलेस. मग उंबरठ्यात बसलीस आणि म्हणालीस, "आता हितून तिला न्यायला कोन येतो ते मी बघते."

तीन महिने तू बघितलंस. दोनदा निरोप आले, दोनदा तू माघारी धाडलेस. मग व्याह्यानं आपल्या पाटलाला गाठलं आणि पाटलानं मला बोलावलं. चार म्हातारे बसलेले. पाटील म्हणाला, "लेकीनं गावाचं नाव घालवलं. सोमवारी गाडी येईल, पाठवून दे." मी काय केलं? मी हात जोडले आणि म्हणालो, "जी." एवढंच. आयुष्यभर जे तोंडात बसलेलं तेच बाहेर आलं. पाटील म्हणालाही, "शहाणा माणूस."

घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू विळी बाजूला सारलीस. म्हणालीस, "कुनाला विचारून?"

"चार लोक होते गं."

"त्या चार लोकांच्या पोटात होती का ती?"

"कबूल केलंय मी. माझ्या शब्दाला..."

"तुमचा शब्द? तुमाला शब्द कुठला? तुमाला साहेबानं दिलेले शब्द!"

ते मला लागलं. अजून लागतं. पुढचे तीन दिवस तेच भांडण चाललं, आणि रविवारी वाल सोलता सोलता थांबलं. संपलं नाही, थांबलं. तू अर्ध्यात उठून गेलीस. तुझ्या शेवटच्या बोलण्याला मी उत्तर दिलेलं नाही. म्हणून पुढं काय झालं ते तुला सांगतो.

संध्याकाळच्या आत तुला नेलं. सोमवारी उजाडलं आणि खरंच गाडी आली. व्याही, जावई, त्यांचा एक भाऊबंद. त्यांना वाटेत कळलं होतं. आपला पाटील आणि तेच चार म्हातारे अंगणात होते. मी ओटीच्या पायरीवर. ठमी दाराच्या आत.

आधी सगळ्यांनी तुझ्यासाठी हळहळ केली. मग पाटील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "हे बघ, सुतक आहे. आज काही बोलूच नकोस. तेराव्यानंतर पाठवतो म्हण, मी त्यांना सांगतो." व्याहीसुद्धा मान हलवून म्हणाला, "तेरा दिवस आम्ही थांबू. आम्ही काय राक्षस नाही."

किती सोपं होतं, बायजे. तू मरूनसुद्धा मला एक आडोसा देऊन गेली होतीस. "जी" म्हटलं की झालं. जीभ टाळ्याला लागलीही होती.

मी म्हणालो, "नाही."

पाटील म्हणाला, "तेच म्हणतोय मी, आज नाही."

"आज नाही, तेराव्यालाही नाही. वर्षानंही नाही. तिला पाठवायची नाही."

 मग व्याही पुढं आला. "अरे पट्टेवाल्या, तू लिहून दिलंयस! खांबावर आहे अजून! आज्ञेत राहील, राजीखुशीनं करील, तुझं तूच वाचलंस मांडवात!"

"खोटं होतं ते."

"खोटं?"

"मला पोरगी ठाऊकच नव्हती. मी माझं लिहिलं आणि तिचं नाव घातलं. खांब तुमचा, कागद तुमचा. ठेवा. त्याच्याकडून पाणी भरून घ्या."

म्हाताऱ्यांतला एक हसला आणि लगेच खोकला काढला. जावई दाराकडं निघाला. मी उठलो. म्हातारा झालो, पण पायरी माझी होती. म्हणालो, "आतल्या बाईनं बोलावलं तर जा." आणि मागं वळून विचारलं, "ठमे, बोलावतेस का याला?"

तिचं एवढं वय झालं, आणि मी तिला काही विचारण्याची ही पहिली वेळ होती.

ती उंबऱ्यात आली. रात्रभर रडून डोळे सुजलेले, पण आवाज तुझा.  म्हणाली, "मी येनार नाय. गाडीला बैल चांगले जुपलेत, त्येनाच घेऊन जावा."

पाटलाचं तोंड उतरलं. जाता जाता म्हणाला, "बघ. आज राख सावडायची. गावातलं कुणी येणार नाही."

मी म्हणालो, "बरं." असा "बरं" मी आधी कधी म्हटलेला नव्हता.

तोंड दुखलं का? नाही दुखलं.  गाडी वळणाआड जाईपर्यंत मात्र मी ओटीच्या खांबाला धरून उभा होतो.

मग मी ठमीला म्हणालो, "चल." ती म्हणाली, "बाया मसनात जात नाय, बाबा." मी म्हणालो, "चार माणसं तरी कुठं आलीत? तू तिची पोर. चल."

आम्ही दोघंच गेलो. ओळीनं दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात कुणीतरी उभं होतं. ठमी पदर डोक्यावर न घेता चालली. ऊन अजून तापलेलं नव्हतं. दुधापाण्यानं राख विझवली, दोघांनी हातांनी सावडली, मडक्यात भरली. तू एवढीशी राहिली होतीस, आणि तरी मडकं जड लागलं.

खाडीला भरती सुरू झाली होती. गुडघाभर पाण्यात उतरलो. मडकं तिच्या हातात. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बाबा, सोडू?"

मी म्हणालो, "मला विचारू नकोस. आई तुझी आहे."

 तिनं पाणी कमरेपर्यंत येऊ दिलं. मग तिला वाटलं तेव्हा तिनं तुला सोडलं.